डोना समर स्वतः गाणी लिहायची का?

सध्या रोज अमेरिकन गायिका डोना समर ऐकतोय. सगळे डिस्को क्वीन म्हणतात, पण ती नुसती गायची की लिहायची पण? की सगळं तिच्या संगीत-निर्मात्याचं, जॉर्जियो मोरोडरचंच?

— लिहायची की! १९७७ चं 'आय फील लव्ह' घ्या, लेखक म्हणून मोरोडर आणि त्याचा सहनिर्माता पीट बेलॉट यांच्यासोबत तिचंही नाव आहे. जवळजवळ सगळं मूग कंपनीच्या सिंथेसायझरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर केलंय आणि त्यावर तिचा तो तरंगता आवाज, आजही अंगावर काटा येतो. हेडफोन लावून ऐका, बेस डाव्या कानात वाजतो आणि किंचित उशिरा उजव्या.

— 'शी वर्क्स हार्ड फॉर द मनी' (१९८३) माझं सगळ्यात लाडकं. लॉस एंजेलिसमधल्या एका पार्टीत रेस्टरूम सांभाळणारी बाई दमून झोपलेली दिसली, त्यावरून सुचलं तिला. निर्माता मायकल ओमार्टियनसोबत लिहिलंय.

— आणि अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनचं १९८० चं 'स्टार्टिंग ओव्हर अगेन' विसरू नका, कंट्री चार्टवर पहिलं आलं होतं, ते डोना आणि तिचा नवरा ब्रूस सुडानो यांनी लिहिलंय, त्याच्या आईवडिलांच्या घटस्फोटावरून. डिस्कोचा शिक्का बसला म्हणून तिचं लेखन झाकलं गेलं, याचं खरंच वाईट वाटतं.

— बापरे, डॉलीचं माहीतच नव्हतं! आज रात्री तेच लावतो.