नाताळ: ३८ मुलं, माणशी १५० रुपये, प्लास्टिक नको. काय घेऊ?

शाहूपुरीकरीण | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या संडे स्कूलमधल्या मुलांना नाताळात काय द्यायचं, हे यंदा माझ्या गळ्यात पडलंय. पडलंय म्हणजे मीच ओढवून घेतलंय. जानेवारीतल्या मीटिंगला जरा जास्त बोलले, त्याचं बक्षीस.

बोलायला कारण होतं. गेल्या वर्षी होलसेलमधून चावीच्या गाड्या आणि बाहुल्या आणल्या होत्या. पंचवीसला उपासना सुटल्यावर वाटल्या. सव्वीसला सकाळी मी आणि शिपाईमामा अंगण झाडायला उभे. चमकी, थर्माकोलचे तुकडे, चिकटपट्टीचे गोळे आणि सुटलेली चाकं. पाच पोती भरली. कागदाची दोन पोती मी स्कूटीवरून भंगारवाल्याकडे नेली. त्यानं पोत्यात हात घातला, एक तुकडा चोळून बघितला आणि म्हणाला, "ताई, ह्यो कागद न्हाई, प्लास्टिक हाय. ने परत." एवढा झगमगाट, पण फुकटही कुणी घेईना.

तर यंदाचा हिशोब असा. मुलं ३८, वयं तीन ते चौदा. माणशी १५०, म्हणजे सगळे मिळून ५७००. त्यावर एक रुपया मागायचा नाही, असं पाळकसाहेबांनी हसत हसत पण स्पष्ट सांगितलंय. आणि भेट मुलांना भेट वाटली पाहिजे, शिक्षा नको. वही-पेन्सिल दिली की पोरांची तोंडं कशी होतात ते मला माहितीय. मीही त्याच संडे स्कूलमधली आहे.

दुसरं घरचं. नणंद पुण्याहून येणार आहे. चार वर्षं झाली, ती चामडं वापरत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, कोल्हापुरात येऊन चप्पल नाही तर काय देणार, तशीच दिसणारी रेक्झिनची घेऊ. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाही.

ऑनलाइन बघून झालं. 'इको' म्हणून बांबूच्या ब्रशचा संच मागवला, तर खोक्यात खोकं, त्यात फुग्यांचं प्लास्टिक, आणि ब्रशचे केस नायलॉनचे. एवढ्यासाठी बांबू तोडला.

---

हिरवा_पंचगंगा | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सोप्पं आहे. रोपं द्या. पोरांना झाडाची गोडी लागते.

---

शाहूपुरीकरीण | २३ नोव्हेंबर, रात्री ११:१८

दादा, तीन वर्षांपूर्वी गुलाबाची रोपं वाटून झालीत. मे महिन्यात सहज विचारलं, तर दोन घरांत जिवंत होती. बाकीच्यांकडे काळी प्लास्टिकची पिशवी तेवढी शिल्लक. डिसेंबरात द्यायचं आणि सुट्टीत पोरं मामाच्या गावाला. पाणी कोण घालणार?

---

आकडेमोड | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

कुणीतरी आता कापडी पिशव्या सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास केला होता. तिथल्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायची, तर सेंद्रिय सुताची नवी पिशवी नुसत्या हवामानाच्या हिशोबानं १४९ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन वगैरे सगळं धरलं तर २०,००० वेळा. त्यांच्याकडं प्लास्टिक जाळून वीज करतात आणि आपल्याकडं ते पंचगंगेत जातं, त्यामुळं आकडा जसाच्या तसा इथं लावू नका. पण नवं कापड विकत घेऊन त्याची पिशवी शिवणं म्हणजे पर्यावरण नव्हे, एवढं नक्की. माझ्या घरी लग्नांत मिळालेल्या अकरा पिशव्या आहेत. एकीवर वधू-वरांचा फोटो आहे. ती घेऊन भाजीला कोण जाईल?

खेळणी घेणार असाल तर अजून एक. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे लाकडी खेळण्यावर खूण नसली तर ती का नाही, हे विकणाऱ्याला विचारा. फॅक्टरीच्या मालावर नसली तर सरळ ठेवून द्या.

---

सुभाषनगरकर | २४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

ताई, चपलेचं मी सांगतो. तीन पिढ्या ह्याच धंद्यात गेल्या.

तुमच्या नणंदेला चामडं नको, तर नको. त्यात वाद न्हाई. पण मग 'कोल्हापुरीसारखी' रेक्झिनची तर अजिबात घेऊ नका. रेक्झिन म्हंजे कापडावर चढवलेलं प्लास्टिक. सहा-आठ महिन्यांत पापुद्रे सुटतात, शिवायला गेलं तर टाका धरत न्हाई, मग उकिरड्यावर. आणि वर आमच्या पोटावर पाय. चाळीस रुपयांचा माल मशीनवर दाबायचा, 'कोल्हापुरी' छापायचं, महाद्वार रोडच्या दुकानांत टांगायचं. गिऱ्हाइकाला वाटतं त्यानं कोल्हापूरला हातभार लावला.

खरीचं काम येगळं हाय. कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं. क्रोमचं रसायन न्हाई. तळाचे थर वादीनं शिवायचे, खिळा लागत न्हाई. वरची वेणी बहुतेक घरातल्या बायकाच विणतात आणि मजुरी नगावर. त्यामुळं तुम्ही दुकानात दोनशे कमी करून घेतले, की ते कुणाच्या बोटांतनं निघतात ते वळखा. आमच्या आईच्या आंगठ्याला अजून घट्टा हाय.

२०१९ ला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. तिकडं कर्नाटकात अथणीला पण लई चांगलं काम हाय, मी खोटं बोलणार न्हाई. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानला आपल्यासारखीच चप्पल दाखवली, नाव घेतलं न्हाई, बोंब झाल्यावर मान्य केलं. चार दिवस सगळी वळख दाखवत होती. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक परत, "भाऊ, चारशेला द्या की."

चामडं चालणारं कुणी असंल तर ओळखायचं असं: कडेला तळाचे थर मोजता येतात, वास तेला-सालीचा येतो, रसायनाचा न्हाई, आणि नवीन असताना थोडी चावते. पहिल्या दिवशीच मऊ लागली तर संशय घ्या. नीट तेल लावून, पावसात न घालता वापरली तर चार वर्षं कुठं जात न्हाई. तळ झिजला तर परत शिवून मिळतो.

---

रवा_आणि_ढेप | २४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

गुऱ्हाळं सुरू झालीत आणि तुम्ही चॉकलेट-केकचा विचार करताय? गूळ द्या की. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय मिळालंय. फक्त पिवळाधम्मक बघून भुलू नका. गूळ उजळ दिसावा म्हणून काही जण हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर मारतात. आमच्याकडं काहिलीत भेंडीचं पाणी टाकून मळी काढतो, रंग तपकिरी येतो. शहरातली माणसं त्याला 'काळा' म्हणून नाक मुरडतात. त्याच गुळाची शेंगदाणा चिक्की करून घ्या. कागदात बांधली तर डिसेंबरच्या हवेत पाघळत नाही.

मोठ्यांना द्यायचं तर आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आहे, वास घरभर जातो. पाटगावचा मध आहे, काचेच्या बाटलीत. भुदरगडच्या त्या गावात सातेरी माशा पाळतात. सगळं आपल्याच जिल्ह्यातलं.

---

निवृत्त_बाई_मिरज | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मी चौतीस वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरी शिकवली, त्यामुळे थोडं रोखठोक बोलते. गूळ, तांदूळ, मध हे आपल्याला आवडतंय. सात वर्षांच्या पोराला नाताळात तांदूळ देणार? चिक्की द्या, ती संपेल त्याच दिवशी. पण हातात खेळायला काहीतरी पाहिजे.

भोवरा दे, मुली. जाळीसकट, म्हणजे गुंडाळायच्या दोरीसकट. गोट्या, सागरगोटे, लगोरी. पहिला दिवस पोरं म्हणतील हे काय, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात आरडाओरडा सुरू. भोवऱ्याची गंमत अशी की तो एकट्यानं फिरवला तर दहा मिनिटांत कंटाळा येतो, चौघं जमले तर जेवायला हाक मारावी लागते. तुटला तर लाकूड आहे, चुलीत जाईल. फक्त पाच वर्षांखालच्यांना नको, खालची लोखंडी आर लागते. त्यांच्यासाठी सावंतवाडीची लाकडी फळं किंवा गाडा घे. चितारआळीत मिळतात, आंबोलीमार्गे कुणी येत-जात असेल तर आणायला सांग. रंग आधी ओल्या फडक्यानं घासून बघायचा. फडक्याला लागला तर पोराच्या पोटात जाणार. दुकानदार रागावला तर रागावू दे.

गुंडाळायच्या कागदाचं: मुठीत चुरगाळ. चुरगळलेला राहिला तर कागद, हळूहळू उलगडायला लागला तर प्लास्टिक. त्या भंगारवाल्यानं बोटानं केलं ते हेच. आणि चमकी बंद कर. युरोपात सुटी प्लास्टिकची चमकी ऑक्टोबर २०२३ पासून विकता येत नाही, आणि आपण ती गव्हाणीतल्या बाळावर उधळतो.

चॉकलेटबद्दल गूळवाल्यांनी नुसतं विचारलं, मी सांगते. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि तिथल्या बागांत लहान मुलं राबतात हे काही गुपित नाही. लहान मुलांच्या सणाला ते नको वाटतं मला. माझी नातवंडं खातातच, घरात माझं कोण ऐकतं.

---

हिरवा_पंचगंगा | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

बाई, पण हल्ली पोरांना भोवरा फिरवता कुठं येतो?

---

निवृत्त_बाई_मिरज | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:५२

म्हणून तर बापांना कामाला लावायचं.

---

शाहूपुरीकरीण | ३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. पाच दिवस फिरले, म्हणून उत्तराला उशीर.

बाईंचं ऐकलं. पाच वर्षांवरची मुलं २९. भोवरा आणि जाळी मिळून ८५ ला ठरलं. कंदलगावच्या बाजूला एक सुतारकाका लेथवर करतात, नग जास्त म्हटल्यावर खूश झाले, आधी "शाळेचं काय प्रोजेक्ट हाय काय?" म्हणून दोनदा विचारून घेतलं. त्याचे २,४६५. छोटी ९, त्यांना लाकडी गाडा आणि फळं, २२० प्रमाणे १,९८०. चुलतभाऊ सावंतवाडीला नोकरीला आहे, तो आणतोय, फडक्याची परीक्षा त्याला समजावून सांगितलीय. चिक्की ३८ जणांना, ३० प्रमाणे १,१४०. एकूण ५,५८५. उरले ११५, ते मी चहाला धरलेत.

आकडेमोड दादा, नवं कापड घेतलेलं नाही. महिला मंडळातल्या बायकांनी जुन्या सुती साड्या आणल्या आणि त्यांच्या छोट्या नाडीच्या थैल्या शिवतोय. भेट त्यातच, वेगळा कागद नाही. एका काकूंनी सासूबाईंची इरकल आणली. सासूबाई वारल्या याच वर्षी. कात्री कुणाच्या हातून चालेना. शेवटी काकूंनीच कापली, आणि म्हणाल्या की ती थैली कुणाला जाते ते मला सांगू नका.

अडचण नाही असं नाही. कमिटीतले एक जण म्हणाले, "पॅकिंग नाही तर गिफ्ट वाटणार कसं? फोटोत काय दिसणार?" मी गेल्या वर्षीचा फोटो काढून दाखवला, पाच पोत्यांचा. गप्प बसले, पण पटलेलं नाही. बघू.

आता नणंद. सुभाषनगरकर भाऊ, तुमचं वाचून ह्यांना दाखवलं, रेक्झिन रद्द. आमच्या आत्तेसासूबाईंचा पितळी पोह्यांचा डबा माळ्यावर पडून होता, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. नणंद लहानपणी त्यातनंच चोरून लाडू खायची. कल्हई करून आणला, २५० रुपये घेतले. आत घनसाळ तांदूळ भरतेय. आणि चप्पल ह्यांनाच घेणार आहोत, तुमच्या गल्लीत येऊन, घासाघीस न करता. खरं सांगते, थोडी करीन. सवय आहे.

एकच राहिलंय. भोवऱ्याच्या जाळ्या सगळीकडे नायलॉनच्याच मिळतायत. काकांकडेही त्याच. सुती जाळी २९ नग कुठं मिळतील?

---

सुभाषनगरकर | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०२

जाळी इकत कशाला घेताय. आमच्याकडं शिवायचा जाड सुती दोर हाय, पीळ घालून देतो. भोवरा एक नमुन्याला घेऊन या, जाडी बघावी लागंल. न्हायतर घसरतोय. रविवारी येऊ नका, तुम्ही चर्चला असणार आणि आम्ही झोपलेले.