चौदा वर्षे उभी असलेली चेतक स्कूटर पुन्हा चालू करायची आहे, सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (पारोळा)

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी, नाव नोंदवून काही वर्षे वाट पाहिल्यावर 1984 मध्ये बजाज चेतक घेतली. नाना 2011 मध्ये गेले आणि तेव्हापासून ती मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कापूस भरून ठेवतो त्या खोलीच्या भिंतीला लागून उभी आहे. गाडी पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे यांत्रिक संपर्क असलेली, आहे. टाकीचे झाकण उघडले की रोगणासारखा उग्र वास येतो, दोन्ही टायरांना भेगा पडल्या आहेत आणि किक अर्ध्यावर येऊन घट्ट अडकते. गावातल्या एका मेकॅनिकने जुन्या गाडीचे दुसरे इंजिन बसवून देण्याची तयारी दाखवली, तर शेजारचे काका म्हणतात की दुसऱ्या गिअरमध्ये टाकून चौघांनी ढकलली की चालू होईल. मला इंजिन नानांच्याच गाडीचे हवे आहे आणि रंगही शक्यतो मूळचाच ठेवायचा आहे. काम घरीच, हळूहळू करण्याची माझी तयारी आहे. कृपया क्रम सांगावा.

उत्तर (भुसावळ)

दादा, गाडी ढकलू नका आणि किकवर उभेही राहू नका. पिस्टनच्या रिंगा ब्लॉकला (पिस्टन ज्यात सरकतो त्या भागाला) गंजाने धरलेल्या असतील, तर जोर लावल्यावर रिंग तुटते आणि तिचा तुकडा ब्लॉकवर ओरखडे काढतो. मग जे इंजिन आपल्याला वाचवायचे आहे तेच हातचे जाते. आधी उजवीकडील डिकी काढा, प्लग काढा आणि मॅग्नेटचे चाक (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणारे) हाताने फिरवून पाहा. ते फिरत असेल तर दोष किकच्या दात्यांत आहे; फिरत नसेल तर पिस्टन अडकून बसला आहे. तसे असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल) निम्मे-निम्मे मिसळून तीन-चार चमचे सोडा आणि रोज थोडे थोडे घालत चार-पाच दिवस जाऊ द्या. त्यानंतर चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवा. झटका मात्र देऊ नका.

आपली गाडी कापसाच्या खोलीजवळ उभी होती, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या इंजिनाला पंख्याची हवा थंड करते आणि ती हवा ब्लॉकवरच्या पत्र्याच्या आवरणातून जाते. उंदीर नेमके त्याच आवरणात कापूस भरून घरटे करतात. माझ्याकडे आलेल्या एका स्कूटरच्या आवरणातून टोपलीभर सरकी-कापूस निघाला होता. तो राहून गेला असता तर वैशाखाच्या उन्हात ते इंजिन दोन किलोमीटरही टिकले नसते.

टाकी सीटखालून बाहेर काढा आणि जुने पेट्रोल टाकून द्या. आत सायट्रिक अ‍ॅसिडचे कोमट पाणी रात्रभर ठेवा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवा आणि आतून ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस गंज चढतो. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) तारेने टोचू नये, कारण भोक मोठे होते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेने तो मोकळा होतो. पॉइंट बारीक पॉलिश कागदाने पुसून फट सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवा. ठिणगी पिवळसर आणि मलूल दिसली तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा विद्युत भाग) बदला, तो महाग नसतो.

उत्तर (धुळे)

वरील सर्व सांगणे योग्य आहे, परंतु इंजिन चालू झाले म्हणजे काम झाले असे कृपया समजू नये. एवढ्या वर्षांत, त्यातही आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत, क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंचे ऑइल सील, म्हणजे हवा-ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या, दगडासारखे कडक होतात. मॅग्नेटकडील सील गेला की इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रणात पेट्रोल-ऑइल कमी पडते आणि रेस सोडली तरी इंजिनाचा वेग उतरत नाही. क्लचकडील सील गेला की गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जाते आणि पांढरा धूर थांबत नाही. मी स्वतः या खुणेकडे दुर्लक्ष केले होते. ललिंग घाट चढताना रेस आपोआप वाढत गेली आणि पुढच्याच वळणावर पिस्टन धरला. तेव्हा मागून ट्रक येत नव्हता, हे नशीब. त्या दिवसापासून जुनी स्कूटर हाती आली की मी आधी सील बघतो.

गिअरबॉक्समधले ऑइल काढून हुंगून पाहा. त्याला पेट्रोलचा वास असेल तर क्लचकडील सील गेला आहे याबद्दल शंका उरत नाही. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशरही नवेच घाला. मिश्रणात लिटरला 20 मिलिलिटर टू-टी ऑइल धरा. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असणार, तेव्हा पहिल्यांदा गिअर टाकताना समोर भिंत नसावी.

टायर बदलताना एक धोका आहे. या चाकाची रिम दोन भागांची असते. हवा पूर्ण सोडल्याशिवाय तिचे नट उघडल्यास रिमचा भाग उडून माणूस जखमी होतो.

उत्तर (जळगाव)

मी कागदांपुरते सांगतो. गाडी अद्याप नानांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म 31 आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म 25 लागतो. तपासणीच्या वेळी चेसिस आणि इंजिन नंबर जुळवले जातात, त्यामुळे दुसरे इंजिन न बसवण्याचा आपला निर्णय कागदांच्या दृष्टीनेही बरोबर आहे. चेसिस नंबरावर रंगाचा थर बसू देऊ नका. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनांना नवी सुरक्षा नंबरपाटीही सक्तीची आहे. विंटेज वाहनांचा 2021 चा नियम नोंदणीला 50 वर्षे झालेल्या गाड्यांसाठी आहे; आपल्या गाडीला ती 2034 मध्ये होतील, म्हणून आज साधे नूतनीकरणच करावे लागेल.

प्रश्नकर्ता (पारोळा)

सर्वांचे मनापासून आभार. पाचव्या दिवशी चाक हलले आणि सायंकाळपर्यंत पिस्टन पूर्ण फिरू लागला. आवरणात कापसाचे घरटे खरोखरच होते. प्लगला निळी ठिणगी मिळते आहे. परंतु गिअरबॉक्सच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो, म्हणून गाडी अजून चालू केलेली नाही. हा सील मी घरी बदलू शकेन का?

उत्तर (धुळे)

थांबलात हे फार चांगले केले. मॅग्नेटकडचा सील बाहेरून बदलता येतो; क्लचकडच्यासाठी मात्र इंजिनाचे दोन्ही भाग उघडावे लागतात. मॅग्नेट काढायला पुलर (ओढून काढायचे हत्यार) वापरा, हातोडी लावू नका. इंजिन उघडतच आहात तर क्रँकची दोन्ही बेअरिंग आणि पॅकिंगचा संच त्याच वेळी आणून ठेवा. एका सीलसाठी तेच काम दुसऱ्यांदा करावे लागू नये. शक्य असल्यास इंजिन उतरवून एखाद्या रविवारी धुळ्याला घेऊन या, आपण दोघे मिळून उघडू.