मदत हवी आहे : सोमवारच्या धरणे आंदोलनात बसावे का?

शिवारकन्या :
नमस्कार. येत्या सोमवारी आमच्या तहसील कार्यालयासमोर शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात धरणे आहे आणि मला त्यात बसायचे आहे. काल पोलिसांनी संयोजकांना नोटीस दिली, आणि संध्याकाळी पोलीस पाटलांनी घरी येऊन ‘जो बसेल त्याच्यावर गुन्हा दाखल होईल’ असे सांगितले. तेव्हापासून घरचे मला जाऊ द्यायला तयार नाहीत. नुसते शांतपणे बसल्याने गुन्हा दाखल होतो का, आणि झाला तर पुढे त्रास होतो का, एवढेच विचारायचे आहे. शनिवारपर्यंत नावे कळवायची असल्यामुळे कृपया लवकर आणि नेमके सांगावे.

माणकाठ :
ताई, एवढ्या माहितीवर नेमके सांगता येणार नाही. जिल्हा कोणता, नोटीस कोणत्या कलमाखाली आहे, जिल्ह्यात सध्या जमावबंदी आदेश लागू आहे का आणि संयोजकांनी परवानगीचा अर्ज दिला आहे का, हे आधी कळवावे.

निवृत्त कारकून :
आपण शिक्षिका किंवा शासकीय कर्मचारी असाल, तर प्रथम वर्तणूक नियम वाचावेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू होतात, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र नियम आहेत, आणि राजकीय चळवळीत भाग घेण्यास दोन्हींत मनाई आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कामेश्वर प्रसाद प्रकरणात असे ठरवले की, कर्मचाऱ्यांच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम घटनेत बसत नाही, मात्र संप हा मूलभूत हक्क नाही. हा भेद माझ्या सेवाकाळात अनेकांना ठाऊक नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिले.

शिवारकन्या :
मी नोकरीत नाही. जिल्हा सांगली आहे. नोटिशीवर ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १६८’ असे लिहिले आहे. परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला होता, त्यावर अद्याप उत्तर नाही. जमावबंदीचे मला माहीत नाही. आमचा गट मोजणीच्या यादीत आहे आणि वडिलांना गुडघ्यांमुळे बसवत नाही, म्हणून घरातून कोणीतरी गेलेच पाहिजे.

तालुका न्यायालय :
मी वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कलम १६८ ची नोटीस म्हणजे बंदी नव्हे. पूर्वी हीच नोटीस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली दिली जात असे, आणि दखलपात्र गुन्हा घडल्यास आपणास जबाबदार धरले जाईल, एवढीच ताकीद तिच्यात असते. खरा प्रश्न महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ चा आहे. जिल्हादंडाधिकारी कलम ३७(३) खाली जमाव आणि मिरवणुकांना मनाई करू शकतात, परंतु राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय तो आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त काळ चालत नाही. आदेश लागू असताना परवानगीशिवाय बसलात, तर कलम १३५ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून संयोजकांनी आदेशाची प्रत आजच मिळवावी आणि अर्जावरील पोचेचा शिक्का जपून ठेवावा.

बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात आंदोलकांना कलम ६८ प्रमाणे ताब्यात घेतात, पोलीस ठाण्याच्या आवारात बसवतात, नावे लिहून घेतात आणि कलम ६९ प्रमाणे सोडून देतात. हे ताब्यात घेणे आणि गुन्हा दाखल होणे यांत मोठा फरक आहे, पण गावात दोन्हींना ‘केस झाली’ असेच म्हटले जाते आणि घरचे लोक घाबरतात.

बांधावरचा :
मला हे सगळे व्यर्थ वाटते. धरण्याला दिवसभर बसण्यापेक्षा प्रत्येक खातेदाराने नोटिशीतील मुदतीत प्रांत कार्यालयात लेखी हरकत द्यावी, सोबत सातबारा, विहीर, पाइपलाइन आणि झाडांचा तपशील जोडावा आणि पोच घ्यावी. आमच्या भागात एका रस्त्याच्या वेळी घोषणा सगळ्यांनी दिल्या, परंतु मोबदल्याच्या वेळी ज्यांच्या विहिरीची नोंद कागदावर होती, त्यांनाच विहिरीचे पैसे मिळाले.

जुना कार्यकर्ता :
बांधावरचे दादा, हरकत द्यावीच, त्याबद्दल दुमत नाही. पण ताईंना जमिनीचा मोबदला वाढवून नको आहे, जमीन द्यायचीच नाही, आणि सुनावणीला एकेकटा शेतकरी उभा राहिला की त्याचे म्हणणे नोंदवून हरकत फेटाळली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. लोक एकत्र दिसले, तरच मोजणीचे पथक थांबते.

बांधावरचा :
पथक त्या दिवशी थांबते आणि पुढच्या महिन्यात बंदोबस्त घेऊन येते. ताईंना मोबदला नको, हे आपण परस्पर कसे ठरवले? त्यांनी तसे कुठेही लिहिलेले नाही.

शिवारकन्या :
जमीन द्यायची नाही, हे खरे आहे. हरकत मागेच दिली आहे, पोच घरी आहे. एक गोष्ट सांगायची राहिली. मी पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणी झाली आहे आणि लेखी परीक्षा बाकी आहे. घरच्यांची सगळी भीती त्याचीच आहे.

माणकाठ :
ताई, ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती, कारण सगळे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे.

निवृत्त कारकून :
मग माझा स्पष्ट सल्ला आहे की आपण जाऊ नये. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात दाखल गुन्ह्यांची माहिती विचारतात आणि चारित्र्य पडताळणी त्याच जिल्ह्याचे पोलीस करतात.

तालुका न्यायालय :
सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालात याचे उत्तर आहे. तरुण वयात घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण उमेदवाराने लपवले असले, तरी नेमणूक करणारा अधिकारी त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, असे त्यात उदाहरणासह म्हटले आहे. तरीही लपवू नये, कारण किरकोळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीनेच नोकऱ्या जास्त जातात.

निवृत्त कारकून :
वकीलसाहेब, त्याच निकालात असेही म्हटले आहे की, उमेदवाराने खरी माहिती दिली तरी त्याचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला राहतो आणि नेमणूक देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मुलीच्या भवितव्याचा प्रश्न असताना निकालाचा अर्धाच भाग सांगणे योग्य नाही.

तालुका न्यायालय :
आपला आक्षेप मान्य आहे, तो भाग मी लिहायला हवा होता. परंतु गुन्हा होईल असे गृहीत धरून घरी बसणे, म्हणजे घटनेच्या कलम १९(१)(ख) ने दिलेला विनाशस्त्र आणि शांततेने एकत्र जमण्याचा हक्क पोलीस पाटलाच्या एका वाक्यावर सोडून देणे होय. २०२० साली बीड जिल्ह्यातील माजलगावात नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या विरोधात जुन्या ईदगाह मैदानावर बसू इच्छिणाऱ्यांना परवानगी नाकारली गेली होती. ते औरंगाबाद खंडपीठात गेले, आणि न्यायालयाने कलम ३७ चा आदेश रद्द केला. केवळ एका कायद्याला विरोध करतात म्हणून अशा लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे निकालपत्रात लिहिलेले आहे. माजलगाव हेही तालुक्याचेच गाव आहे.

जुना कार्यकर्ता :
ताई, जाणार असाल तर चार गोष्टी पाळा. संयोजकांना लेखी परवानगी मिळाली आहे का, हे रविवारी रात्री विचारा. ती मिळाली नसेल आणि मनाई आदेश लागू असेल, तर तुम्ही बसू नका, निवेदनावर सही करून द्या. परवानगी असेल तर मंडपातच बसा. रास्ता रोको करू या असे ऐनवेळी कोणी म्हटले, तर उठून घरी या, कारण बहुतेक गुन्हे तिथूनच सुरू होतात. झेंड्याला काठी लावू नका, कलम ३७(१) च्या आदेशात लाठ्या-काठ्यांनाही मनाई असते. आणि नंतर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला आहे का, याची चौकशी नक्की करा. फिर्यादीत काही नावे लिहून पुढे ‘व इतर चाळीस ते पन्नास’ असे लिहिलेले असते, त्या इतरांत आपले नाव नंतर घातले गेले तर समन्स येईपर्यंत आपल्याला कळतही नाही, आणि साक्षांकन नमुना त्याआधी भरून झालेला असतो.

शिवारकन्या :
सर्वांचे आभार. संयोजकांकडून कळले की जमावबंदी आदेश लागू आहे आणि परवानगीबाबत ठाणेदारांनी उद्या बोलावले आहे. मी वडिलांना हा धागा वाचून दाखवला. परवानगीचा कागद हातात आला तर बसेन, नाही तर सही देईन, असे घरात ठरले आहे. वकीलसाहेबांना एकच विचारते, परवानगी फक्त ध्वनिक्षेपकाला नाकारली, तर ती धरण्याची परवानगी धरायची का?

तालुका न्यायालय :
कागदावर धरण्याची जागा, तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, तर धरायची. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते, ती नसेल तर तोंडी बोलावे. कागदाचे छायाचित्र स्वतःच्या फोनमध्ये ठेवावे.