जाड तारा: आधी ताण, मग ब्रँड

गिटारच्या सर्व तारा दोन अर्धस्वर खाली उतरवून वाजवण्यासाठी १० ऐवजी ११ चा संच (हा आकडा म्हणजे सर्वांत बारीक, पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) घ्यावा का, आणि तो एर्नी बॉलचा की डॅडारिओचा, या आपल्या प्रश्नातला दुसरा भाग मला गौण वाटतो. तारेची जाडी ०.०१० वरून ०.०११ इंच झाली की त्याच स्वराला ताण सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो आणि दोन अर्धस्वर उतरल्यावर सुमारे २० टक्क्यांनी घटतो. त्यामुळे ११ ची पहिली तार बोटांना जवळजवळ पूर्वीच्या १० सारखीच लागेल. (ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन १३ ची तार वापरत, हे सगळे सांगतात, गिटार अर्धस्वर खाली लावलेली असे, हे मात्र क्वचितच.) ब्रँड निवडताना खर्जाची, म्हणजे सर्वांत जाड तार पाहावी: एर्नी बॉलच्या ११ च्या ‘पॉवर स्लिंकी’ संचात ती ४८ ची आहे, तर डॅडारिओच्या ११ च्या एका संचात ५२ ची. रिफ (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी) प्रामुख्याने खालच्या तारांवर वाजवणार असाल, तर मी ५२ च घेईन. मात्र तेवढ्या जाड तारेसाठी नटची (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची) खाच रुंद करावी लागू शकते आणि इंटोनेशनही (प्रत्येक पडद्यावर स्वर अचूक लागणे) पुन्हा जुळवावे लागेल.