तोतया : पानिपतावरून न परतलेल्या माणसाचा शब्द

बहुरूपी, भोंदू आणि तोतया हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का, असा प्रश्न आहे. माझ्या मते मुळीच चालणार नाहीत. बहुरूप्याचं सोंग सोंगच आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं, त्यावरच त्याचं पोट चालतं. भोंदू अंगी नसलेली सिद्धी मिरवतो. तोतयाला मात्र दुसरा एक खराखुरा माणूस लागतो, आणि तो माणूस जागेवर नसावा लागतो. कुणीतरी त्याची वाट पाहत असलं, तर तोतयाचं काम निम्मं झालंच.

म्हणूनच तोतया म्हटलं की सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. भाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधीच मानलं नाही. १७८३ मध्ये वारेपर्यंत त्या सवाष्ण म्हणूनच राहिल्या. दरम्यान एका कनोजी ब्राह्मणाने ‘मीच भाऊ’ म्हणून दावा केला. चौकशीत तो खोटा ठरला, कैदेत पडला. तरी १७७६ मध्ये रत्नागिरीत तो सुटला, तेव्हा तिथल्या सरकारी अंमलदारानेच त्याची बाजू घेतली आणि कोकणातली ठाणी भराभर त्याच्याकडे गेली! शेवटी पेशव्यांच्या फौजेने बंड मोडलं, आंगऱ्यांनी त्याला धरलं आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाचा विषय हाच.

त्या वेळी कारभार नाना फडणिसांच्या हाती होता, आणि नाना स्वतः पानिपतावरून जिवंत परतलेले. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी लिहिलंय, की जीव वाचवायला त्यांना अंगावरची वस्त्रं टाकावी लागली. खरा परतणारा ओळख लपवत घरी आला आणि खोटा मोठं नाव लावून आला, हे मला फार बोलकं वाटतं. ग्रीक महाकाव्यातला वीर ओडिसियसही युद्धानंतर भिकाऱ्याच्या वेषातच घरी येतो. पाय धुताना म्हातारी दाई मांडीवरचा जुना व्रण ओळखते, तेव्हा खूण पटते.

फ्रान्समधल्या आर्तिगा गावची हकिगत आपल्या तोतयाला सर्वांत जवळची. मार्तां गेर घर सोडून गेला, त्याच्या नावाने आलेला दुसराच माणूस त्याच्या बायकोबरोबर तीनेक वर्षं नांदला. १५६० मध्ये तूलूझच्या न्यायालयात खटला चालू असताना खरा मार्तां लाकडी पायावर हजर झाला; लढाईत पाय गेला होता. आपल्याकडे असा खरा माणूस येऊन उभा राहिलाच नाही. त्यामुळे भाऊंचा तोतया देहान्तानंतरही लोकांच्या बोलण्यात उरला.

आता वापराचं. ‘तोतया पोलीस’ वर्तमानपत्रांनी रुळवलाय. त्यात ठरावीक माणूस नसला तरी दुसऱ्याचा अधिकार घेतलेला असतो, म्हणून मी तो मान्य करतो. ‘तोतया नोटा’ मात्र चूकच. नोट बनावट, दागिना नकली, औषध भेसळीचं. तोतया फक्त माणूस. पदवीशिवाय दवाखाना थाटणाऱ्याला बोगस डॉक्टर म्हणावं. तो दुसऱ्या एखाद्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक लावून बसला असेल, तर तोतया. फेसबुकवर कुणाचा फोटो आणि नाव लावून उघडलेलं खातं बनावट म्हणा, पण ते चालवणारा तोतयाच. अनेकवचन ‘तोतये’, आणि त्या धंद्याला ‘तोतयेगिरी’.