धोका, जोखीम आणि ‘शोधक्षमता’

सांगली : साखर कारखान्याच्या बॉयलर विभागासाठी सुरक्षा विश्लेषणाचा तक्ता (एफएमईए, म्हणजे काय कसं बिघडेल आणि त्याचे परिणाम काय, याची यादी) मराठीत करतोय. प्रत्येक बिघाडाला गांभीर्य, वारंवारता आणि ‘डिटेक्शन’ (तो वेळीच कळेल का) असे १ ते १० गुण द्यायचे आणि त्यांच्या गुणाकारावरून क्रम लावायचा. ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ दोन्हींना ‘धोका’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘डिटेक्शन’ला ‘शोधक्षमता’?

कराड : एकच शब्द ठेवलात तर क्रम कशाचा लावणार? ड्रममधली, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीतली, दाबाखालची वाफ हा धोका. बॉयलर पेटलेला आहे तोवर तो आहेच. पाणी कमी पडून नळ्या तापण्याची, फुटण्याची शक्यता किती आणि फुटल्या तर किती माणसं भाजतील, हे मिळून जोखीम. क्रम जोखमीचा लावायचा. एसटीत ‘जवळ जोखीम आहे’ म्हणतात तेव्हा दागिने-पैसेच म्हणायचे असतात; गमावण्यासारखं काय आहे, हे त्या शब्दात मुळातच आहे. तुमच्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. तिथला ‘धोका’ ही मर्यादा, म्हणजे तिसराच अर्थ. तक्त्याच्या डोक्यावर व्याख्या लिहाच.

मिरज : ‘शोधक्षमता’ अजिबात नको. ‘डिटेक्शन’चे गुण उलटे असतात : बिघाड हमखास पकडला जाणार असेल तर १, कळणारच नसेल तर १०. ‘क्षमता’ वाचून माणूस चांगल्या सेन्सरला ९ देतो. मग नीट राखलेली जागा यादीत वर चढते आणि जिथे कुणाचं लक्षच नाही ती तळाला जाते. ‘निसटण्याची शक्यता’ लिहा.

सातारा : गुणाकारावरही विसंबू नका. ड्रममधलं पाणी कमी होणं : गांभीर्य १०, वारंवारता २, निसटणं ४, गुणाकार ८०. बगॅसचा (जळणाच्या चिपाडाचा) वाहक पट्टा तुंबणं : ४, ७, ३, गुणाकार ८४. पट्टा पहिला आला! हे गुण म्हणजे नुसत्या पायऱ्या आहेत, मापं नव्हेत. मोटार उद्योगाच्या २०१९ च्या एफएमईए पुस्तिकेने गुणाकार सोडून गांभीर्याला आधी मान दिला, तो याचमुळे. गांभीर्य ९-१० असलेल्या ओळी आधी वेगळ्या काढा, बाकीचं नंतर.

सांगली : पाणीपातळी मोजून आकडा पाठवणारे दोन ट्रान्समीटर आहेत. मग निसटण्याला २ देऊ?

सातारा : दोन्ही एकाच नळीवरून जोडलेत का, ते आधी बघा. नळी गाळाने तुंबली की दोघेही एकच खोटा आकडा दाखवतात आणि फीड पंपाचा (बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचा) इंटरलॉक, म्हणजे आपोआप चालणारी सुरक्षा यंत्रणा, त्यालाच खरं मानतो. तसं असेल तर ते एकच ट्रान्समीटर धरा आणि ‘सामाईक कारण’ असा वेगळा रकाना घाला.