ट्रंपेट : वरातीला आणि जॅझला वेगवेगळे माउथपीस हवेत, मदत हवी आहे

परळचा_पितळी : लग्नाच्या वराती आणि वांद्र्यातला छोटा जॅझ ग्रुप, दोन्हीकडे वाजवतो. वरातीत ओठ लवकर थकतात, वरचे सूर निसटतात. ग्रुपमध्ये तोच आवाज सगळ्यांना टोचतो. माउथपीसचा कप (ओठांना लावायची वाटी) आणि बॅकबोअर (त्याखालची हवेची नळी) सुटे मिळतात असं कळलं. कोणते घेऊ? भाऊ दुबईहून निघतोय, त्याला आजच कळवायचंय. थेट नंबर सांगा.

बँडमास्तर : आत्ता कोणता वापरता? बाहेरच्या बाजूला कोरलेलं असतं.

सी_मेजर : डोळे झाकून बाख कंपनीचा ३सी घ्या. मी ७सी सोडून तोच घेतला, सगळीकडे चालतो.

बँडमास्तर : @सी_मेजर, बाखच्या तक्त्यात ७सीची रुंदी १६.२० मिमी, ३सीची १६.३०. कपाच्या खोलीचं अक्षर दोन्हीकडे सीच. त्याने टोचणारा आवाज कसा जाईल? बाखमध्ये ए सगळ्यात खोल, पुढे उथळ होत जातो. वरातीला सरळ ई घ्या.

रियाजी : माउथपीसने सूर येत नसतात. रोज लाँग टोन करा, एकच सूर लांबवर धरून.

परळचा_पितळी : ७सीच आहे. रियाज रोज होतो, कृपया त्यावर नको.

धोबीतलावकर : माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, दांडा वाकतो. त्यासाठी पुलर मिळतो.

सांजसूर : अडकल्याचं ते कुठे म्हणालेत? पितळी, मित्राचा उथळ कप कधी वाजवून पाहिलात का? काय झालं?

परळचा_पितळी : हो. चार ओळी छान, मग आवाज एकदम बंद. हवा जाते, सूर नाही.

सांजसूर : मग ई नकोच. ओठ फुगून कपाच्या तळाला टेकतात आणि थरथर थांबते. जाड ओठांना हे जास्त होतं. रिम, म्हणजे कपाची कड, दोन्हीकडे एकच ठेवा, ओठांना सवय तिचीच असते. वरातीला मध्यम कप आणि जरा अरुंद बॅकबोअर, म्हणजे उजळपणा बॅकबोअरमधून मिळेल. जॅझला त्याच रिमचा खोल कप आणि मोकळा बॅकबोअर, आवाज गोल होईल. वॉरबर्टन कंपनीच्या माउथपीसमध्ये अंक रुंदीचा, अक्षर खोलीचं : एम मध्यम, एमडी त्याहून खोल. अंक तुमच्या ७सीच्या रुंदीशी ताडून घ्या. कप नि बॅकबोअर एकाच कंपनीचे घ्या, आटे जुळले पाहिजेत.

बँडमास्तर : ओठ टेकत असतील तर ई नको, हे मान्य. पण वरातीत ओठ थकण्याचं खरं कारण ताशा. स्वतःचा सूर ऐकू येत नाही, म्हणून माणूस रिम ओठांवर दाबत जातो. रक्त अडतं, ओठ बधिर होतात. ताशापासून लांब उभे राहा.

रियाजी : म्हणजे माझंच म्हणणं, सवय बदला.

गिरगाव_जुना : जॅझचा विषय निघालाय म्हणून, ताज हॉटेलमध्ये ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट कोणता माउथपीस वापरायचे, कोणाला माहीत आहे का?

सांजसूर : भावाला ‘ट्रंपेटचा शँक’ असं लिहून पाठवा. शँक म्हणजे माउथपीसचा दांडा. कॉर्नेट या ट्रंपेटसारख्या वाद्याचा दांडा बारीक असतो, ट्रंपेटच्या आत जातो पण डुगडुगतो.

परळचा_पितळी : एकाच रिमचे एम आणि एमडी, बॅकबोअर दोन. पाठवलं. वरातीला एम चालला नाही तर परत विचारेन.

धोबीतलावकर : भाऊ येतोच आहे तर पुलरही मागवा.